विश्लेषण : कोळशाच्या पैशातून उभे राहिलेले मुंबईचे ऑपेरा हाऊस बंद का पडले आणि २३ वर्षांनी पुन्हा कसे उघडले?

मुंबईत ‘ऑपेरा हाऊस’ हा पत्ता टॅक्सीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. हिऱ्यांचा बाजार, दवाखाने, जुनी दुकाने आणि चर्नी रोड स्थानक यांच्यामुळे हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. मात्र ज्या इमारतीमुळे या परिसराला हे नाव मिळाले, ते ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ १९९३ पासून २०१६ पर्यंत बंद होते. या काळात एक अख्खी पिढी नाव घेत मोठी झाली, पण नाट्यगृहाचे दार तिने उघडे पाहिले नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. तेव्हापासून जुनी नाट्यगृहे कशी वाचवायची, हा प्रश्न राज्यात नव्याने चर्चेत आला आहे. मुंबईचे ऑपेरा हाऊस हे बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या नाट्यगृहाचे आपल्या जवळचे ठळक उदाहरण आहे. ते कोणी बांधले, का बंद पडले, कसे उघडले आणि त्यातून इतरांनी काय घ्यावे, ते समजून घेऊ.

ऑपेरा हाऊस म्हणजे नेमके काय?

ऑपेरा म्हणजे गाण्यांतून सांगितलेले नाटक. हा प्रकार इटलीत १६०० च्या आसपास सुरू झाला आणि तिथून युरोपभर पसरला. त्यात संवादही बहुतांशी गाऊन म्हटले जातात आणि साथीला मोठा वाद्यवृंद असतो.

या प्रकाराने इमारतीचा आकारही ठरवला. तेव्हा मायक्रोफोन नव्हते. गायकाचा आवाज वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे गरजेचे होते. म्हणून रंगमंचासमोर वादकांसाठी खोलगट जागा, प्रेक्षागृहाला घोड्याच्या नालासारखी गोलाई, बाजूने सज्जे आणि बॉक्स, आणि आवाज परतवून खाली पाठवणारे छत अशी रचना रूढ झाली. सज्जे एकावर एक चढवल्याने शेवटचा प्रेक्षकही रंगमंचापासून फार लांब बसत नसे.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून आपल्याकडेही गाण्यांतून नाटक उभे राहिले. ऑर्गन आणि तबल्याची साथ, पदांना मिळणारे ‘वन्स मोअर’ आणि पहाटेपर्यंत रंगणारे प्रयोग हा आपला ऑपेराच होता. फरक इतकाच की आपल्या नटाला रागाचा विस्तार करण्याची मुभा होती, तर युरोपातल्या गायकाला प्रामुख्याने लिहिलेले स्वर गायचे असत.

खाण आणि ऑपेरा हाऊस यांचा संबंध काय?

एकोणिसाव्या शतकात जिथे जमिनीतून अचानक पैसा निघाला, तिथे पाठोपाठ ऑपेरा हाऊस उभे राहिल्याची उदाहरणे अनेक आहेत. त्यातले एक ठळक नाव अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या सेंट्रल सिटीचे.

रॉकी पर्वतात सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवर वसलेल्या या गावाजवळ १८५९ मध्ये सोने सापडले. काही वर्षांतच ‘पृथ्वीवरचा सर्वांत श्रीमंत चौरस मैल’ अशी त्याची ख्याती झाली. १८७४ मध्ये मोठ्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारताना दगडी ऑपेरा हाऊसही बांधायचे ठरवले आणि त्यासाठी पैसा जमवला. ब्रिटनच्या कॉर्नवॉल आणि वेल्स भागातून आलेल्या खाणकामगारांना समूहगानाची जुनी परंपरा होती. मार्च १८७८ मध्ये हे ऑपेरा हाऊस खुले झाले.

खाणीच्या गावात कामगार, कारागीर, व्यापारी असे सगळे बाहेरून आलेले असतात. गाव आज आहे, उद्या असेल का, ही धाकधूक प्रत्येकाला असते. ऑपेरा हाऊस ही अशा गावाची ‘आम्ही इथे टिकणार आहोत’ अशी जाहीर घोषणा असायची. प्रत्यक्षात सोने कमी होत गेले, माणसे निघून गेली आणि इमारत मागे राहिली. सेंट्रल सिटीचे ऑपेरा हाऊस आधी सिनेमासाठी वापरले गेले आणि १९२० च्या दशकात बंद पडले.

मुंबईच्या ऑपेरा हाऊसचा कोळशाशी काय संबंध?

मुंबईत खाण नव्हती, पण मुंबई चालत होती ती खाणीतून निघणाऱ्या कोळशावर. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पाठोपाठ कापडगिरण्या सुरू झाल्या. बंदरात वाफेची जहाजे येऊ लागली. इंजिन, गिरणी आणि जहाज या तिघांनाही कोळसा लागे. तो बंगालमधल्या राणीगंज, झरिया भागातून आणि काही काळ थेट ब्रिटनमधून येत असे. त्यामुळे खाण आणि गिरणी यांच्यामध्ये उभा असलेला कोळशाचा दलाल हा शहरातला महत्त्वाचा माणूस होता.

जहांगीर फ्रामजी करका हे अशाच व्यवसायातले पारशी गृहस्थ. त्यांनी मॉरिस बँडमन यांच्याबरोबर मुंबईत ऑपेरा हाऊस उभारण्याची कल्पना १९०८ च्या सुमारास मांडली. बँडमन हे कोलकात्यातून कारभार पाहणारे नाट्यव्यावसायिक. इंग्रजी नाटकमंडळ्यांना ते पूर्वेकडच्या देशांत दौऱ्यावर आणत. एकाकडे भांडवल होते आणि दुसऱ्याकडे कार्यक्रम. कोणतेही नाट्यगृह चालायला या दोन्ही गोष्टी लागतात, हे पुढच्या शंभर वर्षांच्या कथेत वारंवार दिसते.

१९११ मध्ये सम्राट पंचम जॉर्ज भारतात आले, तेव्हा इमारत अपुरी असतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नावातले ‘रॉयल’ त्याच काळाची खूण. १९१२ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि बांधकामाचे उरलेले काम त्यानंतरही काही वर्षे चालले.

याच काळात आणखी एक बदल घडत होता. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि गिरण्या हळूहळू वाफेकडून विजेकडे वळल्या. म्हणजे कोळशाच्या पैशाचे हे नाट्यगृह पूर्ण होत असतानाच शहरात कोळशाची मक्तेदारी संपायला सुरुवात झाली होती.

इमारतीत वेगळे काय आहे?

बाहेरून ही इमारत युरोपातल्या बरोक शैलीची आहे. भरगच्च नक्षी, खांब, कमानी आणि मूर्तिकाम ही त्या शैलीची ओळख. आत भारतीय कारागिरीची जोड आहे. प्रेक्षागृहाचे तीन स्तर आहेत. छतावरच्या घुमटात कवी आणि नाटककारांना मानवंदना दिलेली आहे. प्रवेशदालनातील काचेची झुंबरे ससून घराण्याने दिली. भायखळ्याच्या ज्या ‘सान्स सूसी’ बंगल्यात ती होती असे सांगितले जाते, तिथे आज मसिना रुग्णालय आहे.

वरच्या गॅलरीत सर्वांत स्वस्त तिकीट घेऊन बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा, अशा पद्धतीने छताची रचना केली होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात हीच या इमारतीची सर्वांत मोठी श्रीमंती होती.

ऑपेरा हाऊसमध्ये मराठी नाटके कशी आली?

इंग्रजी ऑपेराला मुंबईत रोजचा प्रेक्षक मिळणे कठीण होते. पाहणारे मूठभर, आणि परदेशी मंडळ्या वर्षातले काही महिनेच येत. दुसरीकडे नाट्यगृहाभोवती गिरगाव होते. तिथल्या चाळींत राहणारा मराठी प्रेक्षक संगीत नाटकासाठी पदरमोड करायला तयार असे. त्यामुळे रंगमंच लवकरच इथल्या मंडळींच्या हाती आला. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्यासारख्या गायक-नटांनी तो गाजवला. पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या ‘पृथ्वी थिएटर्स’ची हिंदी नाटकेही तिथे झाली.

तेवढ्यात सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याच दशकात ऑपेरा हाऊसचेही रूपांतर मुख्यतः चित्रपटगृहात झाले. पडदा दिसावा आणि जास्त खुर्च्या बसाव्यात म्हणून आतल्या रचनेत बदल झाले, बाजूचे बॉक्स काढले गेले. जी रचना आवाजासाठी केली होती, ती आता पडद्यासाठी बदलली गेली.

१९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू घेतली. सौराष्ट्रातल्या या संस्थानिकांच्या कुटुंबाकडे ती आजही आहे.

मग १९९३ मध्ये ते बंद का पडले?

कारण एकच नव्हते. १९८० च्या दशकात घरोघरी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला, १९९० नंतर केबल आली. एक पडदा असलेल्या चित्रपटगृहांचा प्रेक्षक देशभर घटला.

साधा हिशोब करून पाहू. ऑपेरा हाऊसमध्ये आज ५७५ आसने आहेत. एवढ्या क्षमतेच्या सभागृहात दिवसाला तीन खेळ लावले, तर रोज १,७२५ आसने भरावी लागतात. त्यातली निम्मी रिकामी राहिली, तरी वीज, पगार, कर आणि डागडुजीचा खर्च अर्ध्यावर येत नाही. छत तेवढेच मोठे राहते आणि पाऊस तेवढाच पडतो.

अशा वेळी मालक आधी डागडुजीत कपात करतो, कारण तिचा परिणाम लगेच दिसत नाही. कौल सरकतात, पाणी झिरपते, लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि प्लास्टर सुटते. इमारत कळाहीन झाली की प्रेक्षक आणखी घटतो. जुनी नाट्यगृहे अशा चक्रात सापडतात. १९९३ मध्ये ऑपेरा हाऊसने दारे बंद केली.

पुन्हा उघडण्यासाठी काय काय करावे लागले?

मोक्याच्या जागेवरची बंद इमारत पाडून टॉवर उभा करणे हा मुंबईतला ओळखीचा मार्ग आहे. इथे तसे झाले नाही, याची दोन कारणे सांगता येतात. मालकांनी वास्तू राखायचे ठरवले, आणि १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाल्याने अशा इमारतींत वारसा समितीच्या संमतीशिवाय फेरबदल करता येईनासे झाले.

संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम आले. २००८ नंतर ते टप्प्याटप्प्याने झाले. जागतिक वारसा क्षेत्रात काम करणाऱ्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २०१२ च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाऊसचा समावेश केल्यावर त्याकडे जगाचे लक्ष गेले.

कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे :

• आधी गळती थांबवणे आणि सांगाडा मजबूत करणे. वरून पाणी येत असताना सोनेरी नक्षीला हात लावण्यात अर्थ नसतो.

• जुनी छायाचित्रे शोधून मूळ रचना कशी होती ते ठरवणे. सिनेमासाठी काढलेले बॉक्स त्या आधारे पुन्हा उभारले गेले.

• भिंतींवरचे रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधणे, रंगीत काचा दुरुस्त करणे.

• शेवटी वातानुकूलन, प्रकाशयोजना, ध्वनी आणि अग्निसुरक्षा या नव्या यंत्रणा जुन्या देखाव्याला धक्का न लावता बसवणे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑपेरा हाऊस पुन्हा सुरू झाले. २०१७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. आज तिथे संगीत, नाटक, नृत्य, चित्रपट असे मिश्र कार्यक्रम होतात. एकाच प्रकारच्या कलेवर विसंबून न राहणे, हा त्याच्या दुसऱ्या डावातला मोठा बदल आहे.

खाणीच्या गावातल्या ऑपेरा हाऊसचे पुढे काय झाले?

सेंट्रल सिटीची इमारतही वाचली, पण वेगळ्या वाटेने. १९३१ मध्ये ज्या कुटुंबाकडे ती होती, त्यांनी ती डेन्व्हर विद्यापीठाला दिली. काही स्थानिक स्त्रियांनी पुढाकार घेतला, स्वयंसेवक जमले, साफसफाई आणि दुरुस्ती झाली. निधी उभारण्यासाठी एक साधी युक्ती वापरली गेली. देणगी द्या आणि खुर्चीच्या पाठीवर गावच्या जुन्या माणसाचे नाव कोरून घ्या.

जुलै १९३२ मध्ये, जागतिक महामंदीच्या ऐन काळात, नाट्यगृह पुन्हा उघडले. तेव्हापासून तिथे उन्हाळी ऑपेरा महोत्सव भरतो. खाणसम्राट होरेस टेबर आणि त्याची पत्नी बेबी डो यांच्या जीवनावरचा ऑपेरा १९५६ मध्ये याच रंगमंचावर प्रथम सादर झाला. ज्या खाणींनी गाव वसवले, त्यांचीच गोष्ट आता गावाला प्रेक्षक मिळवून देत होती.

मुंबईत धनवान मालक आणि तज्ज्ञ वास्तुविशारद होते. सेंट्रल सिटीत विद्यापीठ, स्वयंसेवक आणि लोकवर्गणी होती. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट म्हणजे दुरुस्तीनंतर रंगमंचाला नियमित काम मिळाले.

जुनी नाट्यगृहे इतक्या झपाट्याने का जळतात?

रंगमंच म्हणजे अनेक दशके वाळलेले लाकूड. त्यावर कापडी पडदे, दोर, रंगवलेले देखावे आणि तापणारे दिवे. रंगमंचावरची पडदे ओढण्याची उंच जागा धुराड्यासारखी काम करते. आग लागली की गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि ज्वाला काही मिनिटांत छताला भिडते. कौले किंवा पत्रे पेलणारी लाकडी छतपट्टी एकदा पेटली, की बाहेरून मारलेले पाणी आतपर्यंत पोहोचणे कठीण होते.

म्हणूनच रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खाली सोडता येणारा अग्निरोधक पडदा, आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, आग लवकर न पकडणारे कापड आणि कधीही कुलूप नसलेले बाहेर पडण्याचे मार्ग, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा बळी गेला. त्यातल्या बहुतेकांचा मृत्यू धुराने गुदमरून झाला होता. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आत प्रयोग सुरू नव्हता, हे सुदैव.

कोल्हापूरच्या नाट्यगृहापुढे आता कोणता प्रश्न आहे?

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सम्राट सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. तिथली प्रेक्षागृहे आणि रोममधली जुनी आखाडे-मैदाने पाहून परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि शेजारी नाटकासाठी ‘पॅलेस थिएटर’ उभारले. १९१३ मध्ये सुरू झालेले नाट्यगृहाचे काम १९१५ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे मुंबईत कोळशाच्या दलालाचे ऑपेरा हाऊस आकार घेत होते, साधारण त्याच काळात कोल्हापुरात एक संस्थानिक आपल्या प्रजेसाठी नाट्यगृह बांधत होता. १९५७ मध्ये त्याला कोल्हापूरचेच सुपुत्र, ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीच नाट्यगृह जळाले.

हे नाट्यगृह महापालिकेचे आहे. ते होते तसे उभारण्याची घोषणा झाली, निधी जाहीर झाला आणि पुनर्बांधणीचे कामही हाती घेण्यात आले. दगडी भिंती, छत, रंगमंच, खुर्च्या हे सगळे पैशाने पुन्हा करता येते. मात्र पुढची २० वर्षे दर पावसाळ्याआधी छत कोण तपासणार, विजेच्या तारांची तपासणी कोणत्या तारखेला होणार, नाट्यसंस्थांना भाडे परवडणार का आणि वर्षातले किती दिवस पडदा वर जाणार, याची तरतूद उद्घाटनाच्या निधीत नसते. ती वेगळी करावी लागते.

बावडा-इंदापूरच्या वाचकाचा याच्याशी काय संबंध?

बावडा, इंदापूर, अकलूज या पट्ट्यात रंगभूमी म्हणजे प्रामुख्याने यात्रेतला तमाशाचा फड, कनातीतला वग आणि लावणीचा मंच. नीरा ओलांडली की लावणी स्पर्धेसाठी राज्यभर ओळखले जाणारे अकलूज लागते. इथल्या कलावंताने पक्क्या नाट्यगृहाची वाट पाहिली नाही. गाडीत राहुटी घातली आणि गावोगाव खेळ केला.

तरीही तालुक्याच्या गावांत सांस्कृतिक भवन, बहुउद्देशीय सभागृह, नाट्यगृह अशा मागण्या होतात, निधी मिळतो आणि कोनशिला बसते. पुढे अनेक ठिकाणी ती सभागृहे वर्षभर लग्न, सत्कार आणि मेळाव्यांपुरती उघडतात. आवाज घुमतो म्हणून नाटकवाले येत नाहीत, नाटके येत नाहीत म्हणून ध्वनियंत्रणेवर खर्च होत नाही. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाला जे चक्र गिळते, तेच लहान प्रमाणात इथेही फिरते.

ऑपेरा हाऊसच्या प्रवासातून अशा सभागृहांनी विचारावेत असे प्रश्न फार अवघड नाहीत. बांधकामाच्या रकमेबरोबर वार्षिक देखभालीची रक्कम ठरली आहे का? स्थानिक शाळा, हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळे आणि तमाशा कलावंत यांना ठरावीक दिवस कमी भाड्यात राखून ठेवले आहेत का? अग्निसुरक्षेची शेवटची तपासणी कधी झाली? सभागृह कोणत्या एका माणसाच्या किंवा पदाधिकाऱ्याच्या उत्साहावर चालले आहे का, आणि तो माणूस बदलल्यावर काय होणार?

करका यांच्या कोळशाच्या पेढीने एक इमारत उभी केली. तिला नंतरची ८० वर्षे जगवले ते गिरगावच्या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने, आणि तो दुरावला तेव्हा ती मिटली. कोल्हापूरचे नाट्यगृह उघडेल त्या दिवशी गर्दी होईलच. त्याचे भवितव्य मात्र त्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी, कोणत्या तरी हौशी संस्थेच्या प्रयोगाला किती खुर्च्या भरतात, यावरून ठरेल.